फोनमधलं 'यूव्ही १२' नक्की मोजतं कोण?

(हे आपल्या ताज्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे' म्हणते तितक्या वेळा इथे लिहिलेलं नाही. बाकी बऱ्यापैकी जसंच्या तसं.)



मागच्या आठवड्यात नागपूरहून एक व्हॉइस नोट आली. मुलगा फूड डिलिव्हरी करतो. दिवसाचे आठ-नऊ तास गाडीवर, आणि ऑर्डरची वाट बघत हॉटेलाबाहेर उभा असताना आपला पॉडकास्ट ऐकतो. तो म्हणतो, "ताई, काल पाऊस येऊन गेला. आज हवा एकदम गार आहे, तीस डिग्री. पण फोनवर यूव्ही इंडेक्स बारा दाखवते, खाली 'एक्स्ट्रीम' लिहून. गरम तर काहीच होऊन नाही राहिलं. मग हा आकडा खरा का खोटा? अन् माझा फोन हे मोजते कसा?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. तुझा फोन हे मोजतच नाही. फोनमध्ये उजेडाचा सेन्सर असतो, पण तो स्क्रीन किती उजळ ठेवायची ते ठरवण्यासाठी. यूव्ही त्याला कळत नाही. एकदा प्रयत्न झाला होता बरं का. २०१४ साली सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ४ मध्ये मागच्या बाजूला खरोखरचा यूव्ही सेन्सर होता. फोनची पाठ सूर्याकडे धरायची आणि आकडा वाचायचा. पुढच्या नोट ५ मध्ये तो गायब झाला. का गेला असेल, ते हा एपिसोड संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच लक्षात येईल.

मग स्क्रीनवरचा तो बारा येतो कुठून? आणि त्यावर विश्वास ठेवायचा का? आज एवढंच बघू.

आधी 'गरम होत नाही' या मुद्द्याकडे. ऊन म्हणजे एकच गोष्ट नाही. त्यात दिसणारा उजेड असतो, उष्णता देणारे इन्फ्रारेड किरण असतात, आणि जांभळ्या रंगाच्या पलीकडचे अतिनील, म्हणजे यूव्ही किरण असतात. जर्मनीत येना इथे १८०१ साली योहान रिटर नावाच्या माणसाने प्रिझममधून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिलं. हे रसायन उजेडाने काळं पडतं. जांभळ्याच्या पुढे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सगळ्यात लवकर काळं पडलं. यूव्हीची ओळख झाली ती अशी. दिसत नाही, पण परिणाम दिसतो.

आपल्या कातडीचंही तसंच आहे. चटका कळायला नसा आहेत, यूव्ही कळायला एकही नाही. त्वचा लाल होते ती काही तासांनी, तोवर आपण घरी पोचून आंघोळसुद्धा केलेली असते. म्हणून हवा गार असली की फसायला होतं. पाऊस पडून गेल्यावर हवा थंड होते, धूळ बसते, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अशा वेळी तापमान उतरतं आणि यूव्ही उलट थोडा वाढतो. तेव्हा नागपूरकर, तीस डिग्री आणि बारा हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

अजून एक गंमत. मे महिन्यात दिवसाचं तापमान साधारण तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, कारण जमीन तापून हवा तापायला वेळ लागतो. यूव्हीला असा उशीर चालत नाही. सूर्य सगळ्यात वर तेव्हा यूव्ही सगळ्यात जास्त. नागपूरला मेमध्ये ही वेळ बारा-दहाच्या आसपास, मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावर. म्हणजे लंच ऑर्डरची वेळ. तीनच्या उन्हात जीव नकोसा होतो, पण यूव्ही तेव्हा उतरणीला लागलेला असतो.

आता तो आकडा. यूव्ही इंडेक्सची सुरुवात १९९२ साली कॅनडात झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी तो जगभरासाठी एकसारखा केला. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ जास्त, ८ ते १० खूप जास्त, आणि ११ च्या पुढे 'एक्स्ट्रीम'. हा आकडा हवेतला नुसता यूव्ही सांगत नाही. त्वचा भाजण्याच्या हिशेबाने मोजलेला यूव्ही सांगतो. फरक मोठा आहे.

असं समजा की परीक्षेत वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळं वेटेज आहे. प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. २९८ नॅनोमीटर आणि त्याखालच्या किरणांना पूर्ण वेटेज, म्हणजे १. ३०८ ला साधारण ०.११. ३२० ला तर ०.०१ पेक्षाही कमी. म्हणजे फक्त २२ नॅनोमीटर पुढे गेलं की किरणाची भाजायची ताकद शंभराव्या हिश्श्याच्याही खाली. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीत बहुतेक भाग लांब लहरींचा, म्हणजे यूव्हीए, असतो. पण इंडेक्समध्ये मोठा वाटा उचलतो तो थोडासा यूव्हीबी, २८० ते ३१५ मधला. प्रत्येक लांबीच्या किरणाला त्याचं वेटेज लावायचं, सगळं जोडायचं, आणि दर चौरस मीटरला २५ मिलिवॉट म्हणजे इंडेक्स १.

मग १२ म्हणजे ३०० मिलिवॉट. ०.३ वॉट! भर दुपारी त्याच एका चौरस मीटरवर उन्हाचे जवळपास १००० वॉट पडत असतात. त्या हजारात हा वेटेज लावलेला पाव-अर्धा वॉट शोधायचा आहे. मोजणं अवघड का, ते इथे सुरू होतं.

मोजणाऱ्या यंत्राची मूळ कल्पना सोपी आहे. वर पांढरा टेफ्लॉनचा घुमट असतो. हो, तव्यावरचा टेफ्लॉन तोच. तो चारही बाजूंनी येणारा यूव्ही गोळा करून आत पसरवतो. घुमट का लागतो? यूव्ही फक्त सूर्याकडूनच येत नाही. हवेचे रेणू लहान लांबीचे किरण जास्त उधळतात, आकाश निळं दिसतं तेही त्यामुळेच. यूव्ही निळ्याहून लहान, म्हणून तो आणखी उधळतो. स्वच्छ दिवशीसुद्धा यूव्हीबीचा जवळपास निम्मा भाग थेट सूर्याकडून न येता सगळ्या आकाशातून येतो. आता नोट ४ चा सेन्सर आठवा. हातात धरलेला, कोन थोडा हलला की आकडा बदलणारा, अर्ध्या आकाशावर बोट आलेलं. (छत्रीखाली उभं राहूनही माणूस का रापतो तेही यातच आलं.)

घुमटाच्या आत दोन रस्ते आहेत. स्वस्त रस्ता फिल्टरचा. रॉबर्टसन-बर्जर मीटर म्हणून एक यंत्र होतं, कल्पना ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्टसनची, सुधारणा अमेरिकेतल्या बर्जरची. त्यात काळी काच दिसणारा उजेड अडवते. आतला यूव्ही एका चमकणाऱ्या पदार्थावर पडतो, तो हिरवा उजेड देतो आणि तो हिरवा उजेड मोजायचा. हुशारी अशी की त्या यंत्राची नजर मुद्दामच त्वचेसारखी ठेवलेली, वेटेज आपोआप लागल्यासारखं.

महाग रस्ता म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. यूव्हीला नॅनोमीटर-नॅनोमीटरने सुटं करायचं आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा. यातली अडचण ऐका. ३२० कडून २९० नॅनोमीटरकडे यायला लागलं की जमिनीवर पोचणारा उजेड हजारो पटींनी घसरतो, कारण वरचा ओझोन तो खाऊन टाकतो. सर्वात घातक किरण सर्वात कमी. यंत्राच्या आत बाकीच्या उजेडाचा एखादा चुकार कवडसा इकडून तिकडे गेला तरी तो खऱ्या सिग्नलपेक्षा मोठा ठरतो. लग्नाच्या डीजेशेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. म्हणून चांगल्या यंत्रांत उजेड एकदा नाही, दोनदा वेगळा करतात.

ओझोन आलाच आहे तर त्याची गोष्ट. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात एक युक्ती वापरली. सूर्यप्रकाशातल्या दोन लांबी घ्यायच्या, एक ओझोन भरपूर शोषतो ती आणि दुसरी कमी शोषतो ती. दोघींची तुलना केली की वर ओझोन किती आहे ते खाली बसून कळतं. त्यांनी ही यंत्रं स्वतः बनवून जगभर पाठवली. त्यातलं एक आपल्याकडे तामिळनाडूत, कोडईकनालला आलं. तेव्हा मोजमाप फोटोच्या काचेवर उमटायचं आणि त्या काचा बोटीने परत ऑक्सफर्डला जायच्या. आज ओझोन ज्या एककात मोजतात त्याला डॉब्सन युनिट म्हणतात. ३०० डॉब्सन म्हणजे वरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून ठेवला तर होणारा ३ मिलिमीटरचा थर. बस्स, तीन मिलिमीटर. भारतावर तो साधारण २५० ते २८० असतो, विषुववृत्ताजवळच्या बहुतेक भागांसारखाच.

इथे एक गैरसमज दूर करू. 'ओझोनला भोक पडलंय म्हणून आपल्याकडे ऊन वाढलंय' असं अजूनही ऐकू येतं. ते भोक अंटार्क्टिकावर, तिथल्या वसंतात पडतं, आपल्यावर नाही. आपल्याकडे यूव्ही जास्त आहे तो मुळातच, कारण सूर्य डोक्यावर येतो आणि ओझोनचा थर इथे निसर्गतःच पातळ आहे. आणि हवेचं तापमान वाढण्याचं कारण ओझोनचं भोक नव्हे.

आता पुण्यात येऊ. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस पुणेकरांना बसस्टॉप म्हणून माहीत असतं. ते हवामान खात्याचं जुनं ऑफिस, १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलेलं, म्हणून ते नाव. १९४८ साली अ‍ॅना मणी पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. केरळच्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या, लंडनला हवामानाची यंत्रं शिकून आलेल्या. तेव्हा साधी यंत्रंसुद्धा बाहेरून आणावी लागत. त्यांनी जवळपास शंभर यंत्रांची ड्रॉइंग्ज पक्की करून ती इथे बनवण्याचा मार्ग केला, देशभर सौर किरणं मोजणारी केंद्रं उभी केली आणि साठच्या दशकात त्यांच्या गटाने भारतीय ओझोनसोंड बनवला. हे यंत्र फुग्याला बांधून सोडतात. हवा एका पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते, ओझोन असेल तर आयोडीन सुटतं आणि बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह जितका, ओझोन तितका. फुगा वर जाताना रेडिओने आकडे खाली पाठवत राहतो आणि शेवटी फुटतो. पुण्याहून असे फुगे सोडले जातात. किरणं मोजणारी यंत्रं तपासणारी खात्याची मध्यवर्ती प्रयोगशाळासुद्धा पुण्यातच आहे.

'तपासणारी' या शब्दापाशी मला जरा थांबायचंय. यंत्र असणं आणि यंत्र खरं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यूव्हीच्या इतिहासात यावरून मोठी भांडणं झालीत.

१९८८ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या आठ ठिकाणच्या रॉबर्टसन-बर्जर मीटरच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, १९७४ ते १९८५ च्या. तीनच वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, ओझोनच्या भोकाची बातमी आली होती. ओझोन घटला तर यूव्हीबी वाढायला हवा, साधारण एक टक्का ओझोन कमी झाला की त्वचा भाजणारा यूव्ही एक टक्क्याहून थोडा जास्त वाढतो. आणि या नोंदी सांगत होत्या की यूव्ही वर्षाला सरासरी ०.७ टक्क्याने घटतोय! ज्यांना ओझोनचं प्रकरण थोतांड वाटत होतं त्यांना आयतंच कोलीत मिळालं. पण खोलात गेल्यावर काय निघालं? ती यंत्रं अशी बारीक घट-वाढ पकडण्यासाठी बनवलेलीच नव्हती. आतला चमकणारा पदार्थ तापमानाप्रमाणे बदलायचा, एका डिग्रीमागे सुमारे एक टक्का. तपासणीच्या पद्धती मधेच बदललेल्या. केंद्रं बरीचशी विमानतळांवर, शहराच्या धुराजवळ. सगळ्या मिळून चूक इतकी, की अर्ध्या-पाऊण टक्क्याबद्दल खात्रीने काहीच बोलता येऊ नये.

आता उलटी गोष्ट. १९९३ साली टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी चांगल्या, महागड्या ब्रुअर यंत्राच्या नोंदी छापल्या. ३०० नॅनोमीटरजवळचा यूव्ही हिवाळ्यात वर्षाला ३५ टक्क्यांनी वाढतोय! मथळे झाले. मग टीकाकारांनी दाखवलं की नोंदी जेमतेम चार-पाच वर्षांच्या आहेत आणि त्या ३५ टक्क्यांचा बराचसा भार १९९३ च्या मार्चमधल्या शेवटच्या मोजक्या दिवसांवर आहे. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्या वर्षी, पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर, ओझोन खरंच कमी होता. पण चार वर्षांच्या रेघेवरून पुढच्या चाळीस वर्षांचं भविष्य सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही गोष्टींत मोजणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांची घाई जास्त होती.

बरं, आता तुमच्या ॲपकडे. पृथ्वीवर अशी चांगली यंत्रं मोजकीच आहेत. प्रत्येक शहरात नाहीत, तुमच्या तालुक्यात तर नाहीतच. म्हणून बहुतेक ॲपमधला यूव्ही हा हिशेब असतो. उपग्रह ओझोन बघतात, हवामानाचं मॉडेल ढग आणि धूळ यांचा अंदाज देतं, सूर्य कधी किती वर असेल ते तर पंचांगाइतकं पक्कं आहे, आणि संगणक या सगळ्यातून जमिनीवर पोचणारा यूव्ही काढतो. युरोपच्या कोपर्निकस सेवेचं जागतिक मॉडेल साधारण ४० किलोमीटरच्या चौकोनांत हे काम करतं. जमिनीवरची यंत्रं लागतात ती हा हिशेब बरोबर येतोय का ते बघायला. उपग्रह नाही का पुरेसा? अंटार्क्टिकाचं भोक आठवा. ते जाहीर झालं हॅली केंद्रावरच्या जुन्या डॉब्सन यंत्रामुळे. उपग्रहाला ते कमी आकडे दिसले होते, पण संगणकाने त्यांच्यावर 'संशयास्पद' असा शिक्का मारून ठेवला होता.

स्वच्छ आकाश असेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. गडबड होते ती ढगांत. ४० किलोमीटरच्या चौकोनात एकच सरासरी ढग, आणि तुमच्या डोक्यावर मात्र कधी ढग, कधी उघडीप. पातळ ढगातून यूव्ही बराचसा आरपार येतो. पांढऱ्या तुटक ढगांच्या मधून सूर्य डोकावत असेल तर ढगांच्या कडांवरून उधळलेला यूव्ही भर घालतो आणि थोडा वेळ इंडेक्स निरभ्र आकाशापेक्षाही वर जातो. उंचीचाही फरक पडतो, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. महाबळेश्वरला गार वाऱ्यात स्ट्रॉबेरी खाताना तो पुण्यापेक्षा जास्त असतो, कमी नाही.

आणि एक गोष्ट आकड्यात मुळी येतच नाही. ती माझ्या घरातली आहे.

आई तालुक्याच्या शाळेत पीटी शिकवायची. तीस वर्षं, सकाळचं मैदान, पूर्वेला तोंड करून कवायत. "कोवळं ऊन गं, काही होत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. पन्नाशीत तिच्या दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांस वाढायला लागलं आणि बुबुळावर आलं. ऑपरेशन झालं. हा आजार आणि यूव्ही यांचं नातं पक्कं माहीत आहे. एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून 'यामुळेच' म्हणता येत नाही, तेही मला कळतं. पण मी शोधायला लागले तेव्हा हे सापडलं. यूव्ही इंडेक्स मोजणारं यंत्र जमिनीवर आडवं, वर आकाशाकडे तोंड करून ठेवलेलं असतं. आपला डोळा वर बघत नाही, समोर बघतो. भर दुपारी भुवया आणि कपाळ त्याला सावली देतात. जपानमध्ये कानाझावाच्या संशोधकांनी माणसाच्या डोक्याचा पुतळा घेतला, डोळ्यांच्या जागी यूव्ही सेन्सर बसवले आणि सूर्याकडे तोंड करून दिवसभर मोजलं. सप्टेंबरात डोळ्यावर सगळ्यात जास्त यूव्हीबी पडला तो दुपारी नाही, तर सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार! म्हणजे ॲप 'मध्यम' म्हणत असेल तेव्हा. आईची कवायत बरोबर त्याच वेळेला असायची.

सावळ्या त्वचेला भाजायला गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे खरं आहे. डोळ्याला मात्र ती सवलत नाही. आणि रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा काळा गॉगल? नुसता काळा असेल आणि यूव्ही अडवत नसेल तर बाहुली मोठी होते आणि आत जास्तच शिरतो. गॉगलचा रंग बघू नका, 'यूव्ही ४००' लिहिलेला आणि बाजूनेही झाकणारा बघा. यूव्ही रोखणारी हेल्मेटची स्वच्छ काच खाली ओढलीत तरी पुष्कळ काम होतं.

तर नागपूरकर भाऊ, तुझा बारा खोटा नाही. तो तुझ्या डोक्यावर कुणी मोजलेला नाही, पण मेमध्ये पाऊस धुऊन गेलेल्या दुपारी तो जवळपास बरोबरच असणार. नेट नसेल तेव्हा तुझ्याकडे यंत्र आहेच, तुझी सावली. सावली तुझ्या उंचीइतकी असेल तर स्वच्छ आकाशात इंडेक्स ढोबळमानाने ५-६. सावली उंचीच्या निम्मी झाली की ९-१०. पायाशी गोळा झाली की बाराच्या घरात. नागपूरला शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईला मेच्या मध्यावर. ऑर्डरची वाट बघताना हॉटेलाच्या पत्र्याच्या कडेला उभं राहू नकोस, निम्मं आकाश तिथूनही दिसतं. जितकं आकाश कमी दिसेल तितकं आत सरक. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, आणि सकाळच्या शिफ्टलाही डोळे झाक.

मंडळी, उद्या दुपारी बारा-साडेबाराला एकदा स्वतःची सावली पावलांनी मोजा. किती भरली ते आणि तेव्हा ॲप काय म्हणत होतं ते, दोन्ही व्हॉइस नोटवर पाठवा. गावाचं नाव सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.